काचेतली नालखेकडी

सुआ-थाऊ, किनमेन
१६ मे

बुन-खिंग,

काल सकाळी पेई-फनचा फोन आला. पोरगी नुसती "बाबा, बाबा" करून रडत होती. मला वाटलं, गेलास. कालवं फोडायची सुरी हातात होती, ती तशीच धरून मी भिंतीला टेकले. मग तिने नाक शिंकरलं आणि सांगितलं की तुझ्या पोटात गाठ निघाली आहे, पुढच्या महिन्यात कापून काढायची आहे, आणि कसली आहे ते काढल्यावरच कळेल. मी म्हटलं, "एवढंच ना?" तिने फोन आपटला. फोन आपटायला ती तुझ्याकडून शिकली.

माझं काही चुकलं नाही. मेलेल्या नवऱ्यापेक्षा गाठवाला नवरा बरा. मला खरंच हायसं वाटलं आणि ते तोंडातून निघालं. तू तिला समजावून सांग.

पत्र अशासाठी लिहिते की फोनवर मी चार शब्द बोलले की तू ठेवून देतोस. कागद आपटलास तरी त्यातलं बोलणं तसंच राहतं. माझी अक्षरं बायकांच्या शिकवणीतली आहेत, हसू नकोस.

आता मुद्द्याचं. तू बादलीत ठेवून गेलास ती नालखेकडी अजून जिवंत आहे.

तुला आठवत नसेल तर सांगते. थडगी झाडायच्या सणाला तू आलास, दोन दिवसांसाठी, तीन वर्षांनी. आलास तो माझ्याशी धड न बोलता लिओंग काकाच्या होडीत जाऊन बसलास. जाळ्यात ती एकटीच आली. काका ओरडला म्हणे, "हात लावू नकोस, एकटी आहे, सोड तिला." आपल्या किनाऱ्यावर शेंबड्या पोराला माहीत आहे की नालखेकडा जोडीने फिरतो, बायको पुढे आणि नवरा तिच्या पाठीला धरून. दोघं आले तर दोघं घ्यायचे नाहीतर दोघं सोडायचे. एकटं आलं तर माफी मागून पाण्यात. जो ठेवून घेईल त्याचं नशीब फिरलं. आणि तू काय म्हणालास? "काका, काओशुंगला असलं कोणी मानत नाही." घोड्याच्या नालासारख्या आकाराच्या त्या जनावराला भाल्यासारख्या शेपटीने धरून घरी आणलंस, विहिरीजवळ बादलीत टाकलंस, आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसलास.

मी त्याच संध्याकाळी तिला चिखलात सोडून येणार होते. काका दारात आडवा उभा राहिला.

"सूनबाई, ती उंबऱ्याच्या आत आली. आता एकटी बाहेर काढलीस तर तिचं एकटेपण या घरात राहील."

"मग काय करू? हार घालू तिला?"

"नवरा शोध. दोघांना मिळून सोड, म्हणजे बुन-खिंगच्या डोक्यावर काही राहणार नाही."

"काका, स्वतःचा सांभाळता आला नाही. हिला कुठून आणू?"

काका हसला नाही. तो अशा बाबतीत हसत नाही.

शेजारच्या पो-चूची खाणावळ बंद पडली ते तुला ठाऊक आहे. बेटावरचे सैनिक गेले, गिऱ्हाईक गेलं. ज्या काचेच्या टाकीत ती जिवंत मासे दाखवून मग शिजवायची, ती परसात कोंबड्यांच्या पिसांनी भरलेली होती. आम्ही दोघींनी ती घासली आणि बुडबुड्यांच्या यंत्रासकट आपल्या घरी आणली. मोठ्या खोलीत दुसरीकडे जागा नव्हती. पूर्वजांच्या पूजेच्या फळीशेजारी तुझी वेताची खुर्ची होती, तिथेच ती बसली. खुर्ची मी डुकरांच्या जुन्या खोपटात टाकली आहे.

तू मानत नाहीस. मानू नकोस. मी किती मानते ते मलाही माहीत नाही. पण ती इकडे काचेत मेली आणि तिकडे तुझं काही झालं, तर सगळं गाव मला विचारेल की खेकडी कशी मेली. म्हणून जगवते आहे. आणि तू काओशुंगला निघालास तेव्हा किनाऱ्यावरची कालवांची जागा विकायला मी नाही म्हणाले ते आजही नाहीच आहे, गाठ आली म्हणून विषय काढू नकोस.

पेई-फन भात कच्चा ठेवते. तिला सांग, पोटाचं दुखणं आहे, नीट शिजव.

स्यू-ल्वान


३० मे

बुन-खिंग,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. "तब्येत ठीक. त्या जनावराला सोड नाहीतर सूप कर. पत्रात ओरडू नकोस." तू माझ्यापेक्षा जास्त शिकलास, मग शब्द कुठे जातात तुझे?

सूप म्हणे. तू आधी ती पाळून बघ. पाणी भरतीचंच लागतं, ओहोटीचं गढूळ असतं. रोज कावड घेऊन जाते. एक दिवस चुकलं की काचेवर बुळबुळीत थर येतो आणि खोलीत वास सुटतो. सोललेलं कालव तिच्यापुढे टाकलं तर तिला दिसत नाही, वरून चालत जाते. तोंड पोटाखाली, पायांच्या मधोमध. उलटी धरून पायांत द्यावं लागतं, तेव्हा सगळे पाय एकदम हलतात आणि कालव आत जातं. पेई-फनला भरवायलाही एवढा वेळ लागला नव्हता. दुपारी पाणी तापतं, म्हणून प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवून त्या टाकीत सोडते. तिच्याकडे बर्फ आणि मी पंख्याशिवाय, कारण पंख्याचं सॉकेट बुडबुड्यांच्या यंत्राला दिलं आहे.

काच म्हणजे काय ते तिला कळलेलं नाही. कोपऱ्यात डोकं घालून ढकलत बसते. मी वीतभर जाड वाळू घातली तेव्हा जरा निवली. आता वाळूत शिरते आणि पाठीचा घुमट तेवढा वर राहतो.

संध्याकाळी दारात माणसं जमतात, टीव्ही लावल्यासारखी. कोणी म्हणतं, विधवा आहे बिचारी. कोणी म्हणतं, लहानखुरी आहे, लवकर लग्न लावलं असेल. एक म्हणाली, "नवऱ्याने टाकली असेल." म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, ते मला कळलं.

काकाच्या नातीचं लग्न ठरलं आहे, हिवाळ्याच्या तोंडाला. नवरीची शेज मांडायला पो-चूला बोलावलं. पूर्वी मला बोलवायचे. जिचा नवरा घरात असतो तिचाच हात त्या शेजेला लागायचा असतो. पो-चूला चादरीचे कोपरे दुमडता येत नाहीत, एवढंच.

नवरा मिळाला. तुझा नाही, तिचा. काकाच्या जाळ्यात एक एकटा नर आला. काकाने निरोप धाडला पण स्वतः हात लावेना. मी छातीभर पाण्यातून होडीपर्यंत गेले. काका म्हणाला, "तूच काढ, सूनबाई. मी बघत नाही." आणि खरोखरच तोंड फिरवून, डोळे मिटून उभा राहिला, म्हणजे ते पाप त्याच्या नावावर नको. आता एक एकटा माझ्याही नावावर आहे.

नर जुना आहे, पाठीवर शिंपल्या चिकटलेल्या. पण नर नक्की. पुढच्या कडेला दोन खाचा आहेत, कोणीतरी दातांनी कुरतडल्यासारख्या. बाईची कड सपाट गोल असते, आपल्या हिची आहे तशी. त्याला टाकीत सोडला तेव्हा सगळं गाव श्वास धरून उभं. तो हिच्या अंगावरून चालत गेला आणि काचेला नाक लावून बसला.

"पत्रिका जमत नाही वाटतं," कोणीतरी म्हणालं.

पो-चू म्हणाली, "सगळ्या गावाने काचेतून बघितलं असतं तर तू तरी धरला असतास का हात?"

तेव्हापासून दोघं दोन कोपऱ्यांत आहेत. आपल्या घरात हे काही नवीन नाही. पण आता ती काही खात नाही. भरवलेलं कालव पायांतून सोडून देते आणि वाळूत जाऊन बसते. मला ते आवडत नाही.

ऑपरेशनची तारीख पेई-फनने कळवली. मी येणार नाही. पाणी कोण आणेल?

स्यू-ल्वान


९ जून

बुन-खिंग,

परवा ऑपरेशन. घाबरू नकोस. मी जन्मभर शिंपा उघडत आले. उघडल्याशिवाय आतलं कळत नाही आणि उघडल्यावर बहुतेक वेळा ठीकच असतं.

नालखेकडी छान आहे. कालपासून खाते आहे. तिची चिंता करू नकोस.

इकडे धुकं फार आहे.

स्यू-ल्वान


१४ जून

बुन-खिंग,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आता सांगायला हरकत नाही, तू पेज प्यायला लागलास असं पेई-फन म्हणाली. पेज पिणाऱ्या माणसाला काहीही सांगता येतं.

नऊ तारखेला सकाळी पाणी बदलायला गेले तर ती उताणी पडलेली. पाय वर, शेपूट एका बाजूला. काचेवर टिचकी मारली. मग सुरीच्या मुठीने मारलं. काही हललं नाही. नर पलीकडच्या कोपऱ्यात, जसा काही संबंधच नाही. एकटी मेलेली नालखेकडी हाताने उचलायची नसते, एवढं मलाही माहीत आहे. मी टाकीवर तांदळाच्या पोत्याचं फडकं टाकलं आणि बसून तुला ते पत्र लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं असेल. कागद ओला होता.

कोणालाही सांगितलं नाही. संध्याकाळी लोक आले तर म्हटलं, तिला उजेड सोसत नाही म्हणून झाकली आहे.

मग वाटलं, आता इथे राहून करू काय. पाणी कोणासाठी आणायचं. दहा तारखेला पिशवी भरली. बारीक शेवया, सुकवलेली कालवं, ज्वारीच्या दारूची एक बाटली, ती तुझ्यासाठी नाही, डॉक्टरसाठी. विमानतळावर गेले. हे पेई-फनला बोलू नकोस, तिला मी भाजी आणायला गेले होते असं सांगितलं आहे. धुक्यात विमान सोड, समोरचा खांब दिसत नव्हता. खिडकीतला मुलगा दर वेळी तेच सांगायचा, "मावशी, आज काही उडत नाही."

"मी तरी कुठे उडायला सांगते? नुसतं चालवत न्या पाण्यावरून."

तो हसला, पण तिकीट दिलं नाही. संध्याकाळपर्यंत बसले आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी धुकं तसंच. तुला आत नेलं असेल त्या सुमाराला मी मोठ्या खोलीत बसून होते. टाकीवर फडकं. यंत्र बंद करायचं मी विसरले होते, ते आपलं बुडबुडतंय. आणि मला एकदम जाणवलं की वास नाही. बुन-खिंग, एक कालव मेलं तरी दुपारपर्यंत नाकाला कळतं. एवढं मोठं जनावर, जूनचा उकाडा, परवापासून पडलेलं, आणि खोलीत फक्त समुद्राचा वास.

मी फडकं ओढलं, बाही वर केली आणि हात घातला. नियम गेला चुलीत. उचललं तर वजनच नाही. फोलपट. पाय, नांग्या, डोळ्यांवरचे टोप, शेपूट, सगळं जागच्या जागी, आणि आत काही नाही. पुढची कड शिवण उसवल्यासारखी उघडलेली. घर रिकामं आणि राहणारा पुढच्या दाराने निघून गेलेला. म्हाताऱ्या नराने येता-जाता त्याला उताणं केलं असणार.

टाकलेली कात आपण लहानपणी चिखलात ढिगाने वेचली आहे. बटणाएवढी, तळहाताएवढी. पण ती पोरांची. मोठी झालेली, लग्नाची नालखेकडी कात टाकत नाही. आणि हिला तर आम्ही विधवा ठरवून बसलो होतो. म्हणून माझ्या डोक्यात आलंच नाही.

मी वाळूत बोटं फिरवली. दूरच्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, हाताखाली काहीतरी मऊ लागलं, भिजलेल्या चामड्यासारखं. ते हललं. मी ओरडले असणार, कारण पो-चू हातात झाडू घेऊन धावत आली.

दोघींनी वाळू हळूहळू बाजूला केली. फिकट, ओलं, नवं कोरं जनावर. होतं त्याहून चांगलं मोठं. ती एवढी मोठी त्या जुन्या अंगात कशी मावली होती देव जाणे. पो-चूने वाकून पाहिलं. मग झाडू खाली ठेवला आणि पुन्हा पाहिलं.

"स्यू-ल्वान, हिची पुढची कड बघ."

पुढच्या कडेला दोन खाचा. स्वच्छ, ताज्या, कोणीतरी दातांनी कुरतडल्यासारख्या. पुढचे पाय आकड्यासारखे वळलेले, बायकोला धरायला असतात तसे.

"अगं, ही तो आहे," पो-चू म्हणाली.

आणि ती जमिनीवर फतकल मारून हसायला लागली. "सगळं गाव या पोराला विधवा म्हणतंय. वर त्याला नवरा आणून दिला." मीही हसले. हसता हसता मी रडले असं ती सगळीकडे सांगते आहे. ती अतिशयोक्ती करते, तुला माहीत आहे.

मग आम्ही बसून विचार केला. म्हणजे पुरुषाच्या खाचा शेवटच्या कातीला येत असणार. तोवर सगळेच बाईसारखे दिसत असणार. आपल्याला कळावं कसं? चिखलात दिसतात ती पोरं. भरतीला वर येतात त्या जोड्या. मधली सगळी वर्षं ते खोल पाण्यात काढतात, आणि ती वर्षं आपल्यापैकी कोणी पाहिलेलीच नाहीत. लहान नाही आणि जोडीत नाही, म्हणजे विधवाच, असं आपण धरून चाललो.

काकाला बोलावलं. त्याने चष्मा लावला, पुसला, परत लावला. आधी कात हातात घेऊन उजेडाकडे धरली. मग टाकीपाशी उकिडवा बसला तो उठेचना.

मी म्हटलं, "काका, बोला की. बुन-खिंगच्या डोक्यावर काही आहे की नाही?"

"कसं असेल?" काका म्हणाला. "एकटं म्हणजे जोडीतलं मागे राहिलेलं. हा कोणापासून तुटलेला नाही, सूनबाई. हा अजून कोणाचा झालाच नव्हता."

"म्हणजे बुन-खिंगने काही वाईट केलं नाही."

"शेपटीने धरलं ते वाईट केलं. बाकी नाही."

"आणि माझ्या नावावर तो म्हातारा आहे, त्याचं?"

काकाने पुन्हा चष्मा पुसला. "तू जावई म्हणून आणलास. आता पाहुणा म्हणून पोचवून ये. पाहुण्याचं पाप लागत नाही."

असं आहे. तेवढ्यात फोन वाजला. पेई-फन म्हणाली, "आई, बाबांना बाहेर आणलं. शुद्धीवर आले. पाणी मागतायत आणि द्यायचं नाही म्हटलं तर चिडतायत." माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "एवढंच ना?" या वेळी तिने फोन आपटला नाही.

गाठीचा निकाल यायचा आहे ते मला माहीत आहे. तो यायचा तेव्हा येईल. पण त्या दिवसापासून मी पोटभर जेवते आहे.

स्यू-ल्वान


६ जुलै

बुन-खिंग,

साधी गाठ. मी तुझं पत्र तिथपर्यंत वाचलं, घडी घातली, बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले आणि मग परत येऊन पुढचं वाचलं. पान भरून लिहिलंस. दोन्ही बाजूंनी. लग्न झाल्यापासून तू मला एवढं बोलला नव्हतास. त्या डॉक्टरला दारूची बाटली पाठवते आहे, तू फोडू नकोस.

तू जे विचारलंस त्याचं उत्तर शेवटी देते. आधी त्या दोघांचं.

कवच कडक व्हायला वेळ लागला. म्हाताऱ्याला तोवर धुण्याच्या टबात ठेवला होता, पोराला त्याच्या पायाखाली यायला नको. मी रोज नखाने दाबून बघायचे. नख उमटेनासं झालं तेव्हा काकाला विचारून मोठ्या भरतीचा दिवस धरला. एकाच बादलीत दोघांना घातलं. काका पुढे, मधे मी, मागे पो-चू, आणि पो-चूच्या मागे निम्मं गाव. कालवं पोसायच्या दगडी खांबांच्या पलीकडे, जिथे भरतीचं पाणी नुकतं पावलांना लागत होतं, तिथे गेलो.

म्हाताऱ्याला ठेवला मात्र, तो सरळ निघाला. ना निरोप, ना मागे बघणं. पोरगा मात्र जागचा हलेना. काकाला वाटलं आजारी आहे. मला कळलं. तो काच शोधत होता. एवढे दिवस ज्या दिशेला जावं तिकडे काच. जरा पुढे सरकला, थांबला. काही आडवं आलं नाही. अजून सरकला. मग एकदम धीर आल्यासारखा शेपूट ओढत निघाला. चिखलावर मागे रेघ उमटत गेली, एकच. पाणी आलं आणि तीही गेली.

एकटा चालला आहे म्हणून कोणी हळहळलं नाही. मागून पो-चू एवढंच म्हणाली, "आता मोठा झालाय, सापडेल कोणीतरी. नाही सापडलं तर पोहेल."

परत येताना रिकामी बादली हातात होती आणि मला फार हलकं वाटत होतं. तीन वर्षं लोक माझ्याकडे मागे राहिलेली म्हणून बघतात. खरं सांगायचं तर मीही आरशात तसंच बघत होते. त्या दिवशी चिखलातून येताना ते डोक्यातून गेलं. मी मागे राहिलेली नाही. मी इथे राहिले. तू तिकडे गेलास. दोघंही धडधाकट आहोत, बास.

हे टोचायला लिहीत नाही. मला बरं वाटलं ते सांगते आहे.

कातीवर काकाने वाघाचं तोंड काढून दिलं, होडीच्याच रंगाने. दारावर टांगली आहे. एक डोळा मोठा आणि एक छोटा झाला आहे. भुतं पळतील की नाही ठाऊक नाही, टपालवाला मात्र पहिल्या दिवशी दोन पावलं मागे सरला.

आणि नातीची शेज मांडायला काकाने मला बोलावलं. मी विचारलं, "नवरा घरात नसताना चालेल?" काका म्हणाला, "पो-चूने तालीम म्हणून एक घडी घालून दाखवली. सूनबाई, ती चादर होती की कोबीचा गड्डा?" पो-चू दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. माझ्याशी बोलते, कारण तिलाही सुटल्यासारखं झालं आहे.

आता तू विचारलंस ते. पेई-फनचं घर पाचव्या मजल्यावर, जिना चढायला डॉक्टर नाही म्हणतो, म्हणून काही दिवस इकडे आलो तर चालेल का. असं विचारायला तुला पानाच्या दोन्ही बाजू लागल्या.

ये. इथे जिनाच नाही. रताळ्याची पेज मिळेल, भात शिजलेला मिळेल. जोडी लागते म्हणून ये असं मी म्हणत नाही, नशिबासाठीही नाही, तो हिशेब काकाने मिटवला. यावंसं वाटतं तर ये आणि वाटेल तेवढं रहा. कालवांची जागा विकायचं काढलंस तर मात्र त्याच विमानाने परत, धुकं असलं तरी.

टाकी पो-चूला परत दिली. ती तिच्यात पालक लावणार आहे. पूर्वजांच्या फळीशेजारची जागा रिकामी आहे. तुझी खुर्ची मी खोपटातून काढली, घासली आणि अंगणात उन्हाला ठेवली. वेत दोन ठिकाणी सुटला आहे, पण बसता येतं, मी बसून पाहिलं. आत आणलेली नाही. कुठे ठेवायची ते तू येऊन ठरव.

उचलू मात्र नकोस, पोटाची शिवण अजून कच्ची आहे. तू बोट दाखव, मी उचलते.

स्यू-ल्वान